पाटी पुसलेली कॅराव्हॅन आणि उसगावचा वजनकाटा, दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्ष वापरून मग लिहितेय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते आणि माझं वाचून कुणीतरी तशीच गाडी डोळे मिटून घेतली असती.

आम्ही फोंड्याचे. घरात पाच माणसं, मी, नवरा, मुलगी आणि सासू सासरे. सासूबाई म्हणजे आमच्या आई ७४ वर्षांच्या, गुडघे गेलेले, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, आणि त्यांना पंढरपूर, गोंदवलं, कोल्हापूर सगळं करायचं होतं. बसने नेलं तर रस्त्यात बाथरूमचे हाल, म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत आणि घरी आल्यावर चार दिवस आजारी. म्हणून कॅराव्हॅन. नवी परवडत नव्हती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सेकंड हँड मिळाली, २०११ चं मॉडेल, मिनीबसच्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, आत घर बांधलेलं, दोन बेड, छोटा ओटा, कमोड, मागे १२० लिटरची पाण्याची टाकी. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही, गोष्ट गाडीची आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आतलं काम मजबूत आहे, पावसात एकदाही गळली नाही आणि गोव्याच्या पावसात न गळणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. बेडची उंची आईंना बरोबर येते. खिडक्यांना जाळ्या आहेत. कमोडची सोय तर अशी की आई आता प्रवासात पोटभर पाणी पितात, माझ्यासाठी सगळे पैसे तिथेच वसूल झाले. इंजिन धडधाकट आहे, घाटात दम लागत नाही.

आता खोट. गाडीवर वजनाची पाटी, म्हणजे गाडी भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेली पट्टी, वाचता येत नव्हती.

घेताना आम्हाला हे कळलंच नाही, कारण पाटी असते हेच माहीत नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आतल्या बाजूला एक छोटी पातळ अल्युमिनियमची पट्टी चार रिबिटांनी ठोकलेली होती, तिच्यावर दोनदा रंग मारलेला, एकदा बहुतेक मूळ बॉडी बदलली तेव्हा आणि नंतर एकदा विकायला काढली तेव्हा. रिबिटांच्या भोवती पांढरी पूड आलेली. अल्युमिनियम, लोखंड आणि आपली खारी हवा एकत्र आली की असं होतंच, किनाऱ्याजवळ उभी राहिलेली कुठलीही जुनी गाडी बघा. मी पुसताना ती पट्टी शंभर वेळा पुसली असेल, मला वाटायचं कंपनीचं काहीतरी असेल.

मग ऑक्टोबरमध्ये पंढरपूर. जाताना काही नाही. येताना रामनगरहून अनमोड घाट उतरलो आणि खाली मोलेला पोचेपर्यंत जळका वास. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, मागच्या चाकांना हात लाववत नव्हता इतकी तापलेली. अर्धा पाऊण तास थांबलो, आई आत झोपल्या होत्या त्यांना काही सांगितलं नाही, पण मी तो पाऊण तास विसरणार नाही. आत पाच माणसं आणि मला हे सुद्धा माहीत नव्हतं की ही गाडी किती वजनासाठी बनवलीय.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नुसत्या जादा वजनाने ब्रेक तापले असं माझं म्हणणं नाही. गॅरेजवाल्याने चाकं खोलली तर मागची लायनिंग झिजलेली होती, आणि घाट उतरताना आपण वरच्या गिअरला होतो हे ह्यांनीही मान्य केलं, खालच्या गिअरला इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकचं काम कमी होतं. पण त्याच गॅरेजवाल्याने विचारलं, वहिनी, गाडी किती टनाची आहे, आणि आम्ही दोघंही गप्प. ब्रेक, पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, टायर, एक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा, सगळं एका ठराविक भरल्या वजनासाठी बसवलेलं असतं आणि तो आकडा आमच्याकडे नव्हता.

विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, अहो टायर बघा ना, साडेपाच टन पेलतात, तुम्ही कशाला घाबरता. हे वाक्य मला नंतर आणखी दोघांनी ऐकवलं, म्हणून ते का चुकीचं आहे ते लिहितेच. टायरच्या बाजूला साइझच्या पुढे एक आकडा असतो, लोड इंडेक्स, आमच्या टायरवर १०६/१०४ आहे. १०६ म्हणजे एकेकट्या बसवलेल्या टायरला ९५० किलो आणि १०४ म्हणजे जोडीने बसवलेल्या प्रत्येक टायरला ९०० किलो. पुढे दोन म्हणजे १,९००, मागे जोडीने चार म्हणजे ३,६००, बेरीज ५,५००. हिशेब बरोबर आहे. पण तो टायरचा हिशेब आहे, गाडीचा नाही. एक्सल कमी पेलत असेल तर? पाटे? ब्रेक? साखळीतली जी कडी सगळ्यात कमकुवत, तिच्याएवढीच साखळी. बाकीच्या कड्या कितीही जाड असू देत.

आणि त्याच टायरवर दुसराही एक आकडा होता जो विकणाऱ्याने दाखवला नाही, शेवटी चौकोनात २३१४, म्हणजे २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. घेतली तेव्हाच साडेनऊ वर्षांचा. नक्षी छान होती, कारण गाडी उभीच असायची. सहाही बदलले.

तेव्हा पहिलं काम, पाटी वाचणं. ह्यांनी पॉलिश पेपर काढला होता, मी हातातून घेतला, कारण ज्या पाटीवर आकडे ठोकून उमटवलेले नसतात, नुसते छापलेले असतात, ती घासली की कायमची गेली. आधी साबणाचं कोमट पाणी, मग रंगाचा थर नखाने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने थोडा थोडा, मग रात्री दिवे बंद करून बाजूने आडवी बॅटरी मारली. आडव्या उजेडात खोलगट रेषा दिसतात. वर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात ना अगदी तशी. एवढं करून मिळालं काय तर वरच्या ओळीत ३ आणि ५ आणि पुढे अंधार, खालच्या ओळीत १ आणि मध्ये ५ सारखं काहीतरी. ३,५ च्या पुढे शून्य आहे की पाच की आठ यात ८० किलोचा फरक पडतो, म्हणजे एक जाडजूड माणूस. अंदाजाने भरायची ही जागा नव्हे.

माझा चुलत भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, तिथे आपल्या गोव्याची माणसं खूप आहेत, त्याच्याकडे ओढून न्यायची कॅराव्हॅन आहे, १९९८ ची. त्याला फोटो पाठवला तर त्याने लगेच फोन केला, ताई, माझ्याही पाटीवर आधीच्या मालकाने रंग फासला होता. तिकडे ही पाटी बहुतेक करून आत शिरायच्या दाराजवळ असते आणि तिच्यावरचा मुख्य आकडा म्हणजे एमटीपीएलएम, सामान भरून कॅराव्हॅनचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. त्यातून रिकाम्या तयार गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं सामान, आणि जुन्या कॅराव्हॅनमध्ये ते कधी कधी दीडशे किलोच्या आसपासच असतं. तो म्हणाला खाली वाकून एक्सलवरची छोटी पट्टी वाचली तर तिथेही आकडा मिळतो, पण तो एक्सलचा, गाडीचा आकडा त्याच्यापेक्षा कमी असू शकतो, म्हणून एक्सलचा आकडा बघून खूश व्हायचं नाही. म्हणजे टायरचीच गोष्ट परत. त्याने शेवटी काचेवर कोरलेला १७ अक्षरी नंबर घेऊन बनवणाऱ्यांकडून लेखी आकडा आणला, तिकडे १९९२ पासून कॅराव्हॅनच्या काचांवर तसा नंबर कोरतात. ओढायच्या कॅराव्हॅनला आणखी एक भानगड, पुढच्या हुकवर किती भार येतो ती, साधारण भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, कमी झाला तर मागून गाडी शेपटीसारखी हलायला लागते. आमच्या गाडीला ते लागू नाही, पण कुणी ट्रेलरवाली घेत असेल तर हुकवरचा ठोकलेला आकडाही वाचता येतोय का ते बघा.

त्याच्या बोलण्यातून मी एकच गोष्ट उचलली, पाटी गेली तरी नंबर गेलेला नसतो. आपल्याकडे चेसिस नंबर सांगाड्यावर ठोकलेला असतो, छापलेला नाही, म्हणून तो रंगाखालीही वाचतो. आमचा उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ सापडला, आरसीशी जुळवला, जुळला. तो घेऊन चेसिस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज दिला की या नंबरच्या गाडीचं एकूण वजन आणि प्रत्येक एक्सलची मर्यादा कळवा. १९ दिवस लागले, तीन वेळा आठवण करावी लागली, पण पत्र आलं. एकूण ३,५५०. पुढचा एक्सल १,४५०, मागचा २,३००.

दोन्ही एक्सलची बेरीज ३,७५० होते, म्हणून ह्यांना वाटलं आपल्याला २०० किलो जास्तीचे मिळाले. नाही मिळाले. एकूण ३,५५० च्या वर जायचं नाही आणि तेवढ्यातच प्रत्येक एक्सलही आपल्या आकड्याच्या आत ठेवायचा, तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. एक्सलमध्ये थोडी जागा जास्त ठेवतात ती सामान कधी पुढे कधी मागे होतं म्हणून.

मग आरसी नीट वाचली, जी घेताना फक्त नाव आणि तारखेसाठी वाचली होती. एकूण वजन तिथेही ३,५५०, पत्राशी जुळत होतं, म्हणजे अर्धं उत्तर आमच्या कपाटातच होतं आणि ते आम्हाला माहीत नव्हतं, पण एक्सलचे आकडे मात्र तिथे नव्हते. आणि रिकामं वजन, अनलेडन, २,३२०. मला तेव्हाच शंका आली. आत बेड, ओटा, कपाटं, टाकी, इन्व्हर्टर बॅटरी, कमोड बसवल्यावर रिकामी गाडी २,३२० कशी राहील?

म्हणून काटा.

उसगाव तिस्क भागात पूर्वी खनिजाचे ट्रक रात्रंदिवस चालायचे, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा बरेच काटे ओस पडले, पण काही चालू आहेत, भंगार, सळया, चिरे, रेती येते. आम्ही गेलो त्या काट्याला बाहेर धड बोर्डसुद्धा नाही, आसपासचे लोक नुसतं काटा म्हणतात. मला दोन गोष्टी बघायच्या होत्या, एक म्हणजे वजनमापे खात्याचं चालू वर्षाचं सर्टिफिकेट, ते केबिनच्या भिंतीवर समोरच लावलेलं होतं आणि तारीख मुदतीतली होती, दुसरं म्हणजे काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन. एक्सल एकेक करून मोजायचा तर गाडीचा अर्धा भाग काट्याबाहेर राहतो, ती बाजू खाली वर असली तर वजन पुढे मागे सरकतं आणि आकडा चुकतो. इथे दोन्हीकडे काँक्रीट आणि सपाट.

काट्यावरचे काका साठीचे असतील. पहिल्यांदा गाडी बघून म्हणाले, हें घर कित्याक हाडलां, म्हणजे हे घर कशाला आणलंत? मी सांगितलं, काका, पाटी वाचता येत नाही, घाटात ब्रेक तापले, मला पुढचा मागचा वेगळा पाहिजे. त्यांनी एकदाही उगाच का असं विचारलं नाही. उलट म्हणाले आधी रिकामी घेऊया. सगळं सामान काढून, टाकी रिकामी करून, माणसं उतरवून गाडी घेतली. पुढची चाकं काट्यावर, थांबा, १,२५०. पूर्ण गाडी, ३,०१०. पुढची चाकं उतरवून फक्त मागची, १,७६०. बेरीज बरोबर जुळली, काका म्हणाले जुळली नसती तर परत घेतलं असतं.

३,०१०. आरसीवर रिकामी २,३२०. ६९० किलोचा फरक, आत बांधलेल्या घराचा. म्हणजे आरसीवरचा रिकाम्या वजनाचा आकडा आत घर बांधायच्या आधीचा असावा, आणि आमच्या वाट्याला सामान आणि माणसं मिळून १,२३० नव्हे तर ५४० किलोच उरत होते.

मग दुसऱ्या दिवशी परत गेलो, या वेळी पंढरपूरला निघताना भरली होती अगदी तशी भरून. मी यादी केली होती. टाकी पूर्ण १२०. घरगुती गॅसचा सिलिंडर, १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं वजन मिळून ३० च्या आसपास, आणि मला तिथेच काय वाटलं ते सांगते, साध्या सिलिंडरच्या कड्यावरसुद्धा रिकाम्याचं वजन ठोकून लिहिलेलं असतं, गळ्यापाशी बोट ठेवून वाचता येतं, आणि ज्या गाडीत माझी सगळी माणसं बसतात तिचं वजन मात्र रंगाखाली. बाकी अंथरुणं, भांडी, तांदूळ, मिरजेच्या आत्यांना ४० नारळ, लोखंडी टेबल, खुर्च्या, हत्यारांची पेटी.

मी आई बाबांना उतरवायला लागले तर काका म्हणाले, मनीस भितरच आसूं दी, तशेंच तुमी रस्त्यार वतात न्हय? म्हणजे माणसं आतच असू दे, तसेच तुम्ही रस्त्यावर जाता ना? बरोबर होतं त्यांचं. पाच माणसं म्हणजे ३१० किलो. आईंना तर काही कळलंच नाही, त्या आत जप करत बसल्या होत्या.

पुढे १,३४०. पूर्ण ३,६९०. मागे २,३५०.

एकूण १४० ने जास्त, मागचा एक्सल ५० ने जास्त, आणि पुढच्या एक्सलला ११० ची जागा रिकामी. चिठ्ठी हातात घेऊन मी उभीच राहिले. आपण या वजनाने अनमोड उतरलो. काकांनी बघितलं आणि सांगितलं, मागे पाणी आहे ना, तेच. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही सेल्समनने सांगितलं नव्हतं. टाकी मागच्या चाकांच्याही मागे आहे. पहारेचं एक टोक दाबलं की दुसरं वर उचललं जातं, तसं ते पाणी मागून खाली दाबतं आणि पुढची चाकं थोडी उचलतं. म्हणजे १२० लिटर पाणी मागच्या एक्सलवर १२० नाही, दीडशेच्या वर पडतं, आणि १२० च्या वर जेवढं पडतं तेवढा पुढचा एक्सल हलका होतो. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ते आम्हाला गाडीचा गुण वाटत होता.

डावी उजवीही मोजून दिली, एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसरी बाहेर. मागे डावीकडे १,२४०, उजवीकडे १,११०, ओटा आणि बॅटरी डावीकडे आहेत म्हणून. हे फार नाही, पण बॅटरी उजवीकडे हलवायचं ठरवलं.

मग तिथेच टाकीतलं १०० लिटर सोडलं, २० ठेवलं, कमोड आणि हात धुण्यापुरतं. पाणी वाटेत कुठेही भरता येतं, ते फोंड्याहून पंढरपूरला वाहून नेण्याची काही गरजच नव्हती. टेबल, दोन खुर्च्या, नारळ, हत्यारांतली अर्धी पेटी खाली ठेवली, ते मिळून ८० किलो. परत मोजली. पुढे १,३७०, मागे २,१४०, एकूण ३,५१०. बघा, सामान काढलं तरी पुढचा ३० ने वाढला, पाण्याचा खेळ तो.

आता ४० किलोची जागा उरते. हा काटा १० किलोच्या पायरीने दाखवतो, १० च्या मधलं दिसत नाही, म्हणून अगदी काठावर भरू नका. आम्ही नंतर मोठा सिलिंडर काढून ५ किलोचा घेतला, त्यात आणखी थोडं सुटलं.

काट्याचे पैसे, एका वजनाच्या चिठ्ठीला १००, आमची दोन दिवसांत डझनभर वजनं झाली, काकांनी मिळून ६०० घेतले आणि प्रत्येक चिठ्ठीवर गाडी नंबर, तारीख, वेळ छापून दिली. चिठ्ठ्यांची शाई उडते, लगेच झेरॉक्स काढून ठेवा.

आता कायद्याचं, कारण मला काहीजण म्हणाले खाजगी गाडीला कोण विचारतंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११३. भरलेलं वजन आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा जास्त असलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, आणि त्याच कलमात रिकामं वजनसुद्धा आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त नको. म्हणजे आमची गाडी सामान न भरता सुद्धा चुकीची ठरत होती. कलम १९४ खाली जादा वजनाला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावतात. दंडाचं सोडा, अपघात झाला तर विमावाले काय म्हणतील हा विचार करून मला झोप लागली नव्हती. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला की तो आरसीवर चढवायला हवा, ते आधीच्या मालकाने केलेलं नाही. आम्ही काट्याच्या चिठ्ठ्या आणि कंपनीचं पत्र जोडून अर्ज केलाय, तपासणी झाली, कागद पुढे सरकतोय. गाडीला १५ वर्षं झाली की नूतनीकरणाला जायचंच आहे, त्याच्या आधी हे मार्गी लागायला हवं.

पाटीचं काय केलं, तर जुनी काढली नाही, काढायचीही नाही, तिच्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात दिला म्हणजे उरलंय तेवढं टिकेल. तिच्या खाली फोंड्यातल्या नेमप्लेटवाल्याकडून स्टीलची कोरलेली पट्टी लावली, एकूण, पुढचा, मागचा, टायरची हवा, आणि पत्राची तारीख. ही सरकारी पाटी नाही, कुणाला दाखवायची नाही, आमच्यासाठी आहे, म्हणून तिच्यावर मराठीत लिहिलंय, बाबांना सुद्धा वाचता येते. छापून नाही घेतली, कोरून घेतली. खर्च ४५०.

कुणी जुनी कॅराव्हॅन बघायला जाणार असाल, आपल्याकडे हल्ली कळंगूट, मोरजी बाजूला आणि पर्वरीत बऱ्याच विकायला दिसतात, किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या जास्त, तर आतले पडदे बघायच्या आधी दारात वाका आणि पाटी वाचायचा प्रयत्न करा. वाचता येत नसेल तर विकणाऱ्याला सांगा की टोकन द्यायच्या आधी आपण काट्यावर जाऊ, अर्धा तास लागतो. तो चल म्हणाला तर माणूस बरा. आमच्या वेळी हे करून ३,०१० चा आकडा आधी कळला असता तर मी गाडी घेतली असती का? घेतली असती बहुतेक, पण किमतीत बोलले असते आणि आईंना घेऊन तो घाट त्या वजनाने उतरले नसते. नव्या टायरचे आणि लायनिंगचे पैसे तरी मागितलेच असते.

विकणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, त्यालाही आकडा माहीत नव्हता. पण माहीत नसलेला आकडा ठोकून सांगणं, हे मी माफ करू शकत नाही, कारण त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी आपली आई मागे झोपवतं.

मार्क द्यायचे तर गाडीला बांधणीसाठी आणि आतल्या सोयीसाठी पाचपैकी चार, कागद आणि पाटीसाठी एक. काट्याला पाच. तिथल्या काकांसारखी शांतपणे समजावून सांगणारी माणसं मिळत नाहीत. जाणार असाल तर सकाळी ९ ते ११ मध्ये जा, नंतर ट्रकांची रांग लागते आणि त्यांना घाई असते, एकेक एक्सल करायला वेळ मिळत नाही. दुपारी जेवणाला तास दीड तास बंद, रविवारी अर्धा दिवस. गाडी निघताना असते तशीच भरून न्या, डिझेलसुद्धा, आणि माणसं उतरवू नका.

डिसेंबरात गोंदवल्याला गेलो होतो, २० लिटर पाणी घेऊन निघालो, रामनगरला आणि पुढे एका पंपावर भरून घेतलं. येताना अनमोड दुसऱ्या गिअरला उतरलो, मोलेला थांबून मी स्वतः खाली उतरून मागच्या चाकाला हात लावला. कोमट होतं.